अण्णांचं शुद्ध रक्त

माझे सासरे सूर्यभान अण्णा यांना दुसऱ्याचं जेवण बघवत नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा पुणतांब्याला जेवायला गेलो, तेव्हा सासूबाईंनी माझ्या पोळीवर तुपाची धार धरली. अण्णा शेजारच्या पाटावरून म्हणाले, "सोडा, सोडा अजून. जावयाच्या नसा तुंबल्या तर आपल्यालाच पुण्य."

मी राहुरीत ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. उन्हातान्हात शेतकऱ्यांच्या बांधावर हिंडतो, मिळेल तिथं मिळेल ते खातो, आणि माझं पोट सुटलेलं आहे हे मला कुणी सांगावं लागत नाही. अण्णा तोंडावर मला हर्षलराव म्हणतात. माघारी 'टाकी' म्हणतात. हे मला माझ्या बायकोनंच, ज्ञानेश्वरीनं सांगितलं, आणि सांगताना ती पोट धरून हसली.

अण्णांनी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. काट्याची खोली उंचावर, तिला एक खिडकी, आणि त्या खिडकीतून खाली उसाच्या ट्रॅक्टरची रांग. मोठमोठे बागायतदार त्या खिडकीखाली उभे राहून "अण्णा, जरा लवकर घ्या" म्हणून विनवायचे आणि अण्णा वरून त्यांच्याकडे बघायचे. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, बघण्याची सवय राहिली. तोलायला ऊस उरला नाही म्हणून त्यांनी माणसं तोलायला घेतली.

ते स्वतः काठीसारखे. तेल नाही, तूप नाही, अंडं-मटण नाही, दारू तर नावालाही नाही. शेंगदाण्यातसुद्धा तेल असतं म्हणून घरात दाण्याचं कूट बंद. सकाळी स्टेशनच्या रस्त्यानं फिरायला निघाले की वाटेत भेटेल त्याला थांबवून ते विचारायचे, "काल काय खाल्लं?" आणि उत्तर काहीही असलं तरी मान हलवायचे.

आता ते स्वतः काय खायचे ते सांगतो. उठल्यावर मधपाणी. मग चहा, ज्यात चमचा उभा राहील एवढी साखर. नाष्ट्याला केळ्याचं शिकरण. दुपारी भाताचा डोंगर आणि गूळ. तिसऱ्या प्रहरी पुन्हा चहा आणि अर्धा पुडा बिस्किटं. गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी असे उपास. उपासाला साबुदाणा, रताळी, चिक्कू आणि साखर घातलेलं दूध, तेही साय काढून. सायीत चरबी असते ना! कारखान्याची सवलतीची साखर पोत्यानं घरात यायची. मी एकदा भीत भीत म्हणालो, "अण्णा, साखर जरा जास्त होतेय." त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "साखर उसातून येते, हर्षलराव. ऊस म्हणजे गवत. गवत खाऊन कोण मेलंय?"

त्यांचा सगळ्यात आवडता बळी म्हणजे शेजारचे बाबाजान. बाबाजानचा टेम्पो आहे. पुणतांब्याचे पेरू क्रेट भरून बाजाराला नेतात. अंगानं दणकट, आवाजानं मोठे, आणि त्यांच्या घरी मटण शिजलं की वास सरळ अण्णांच्या ओट्यावर. अण्णा नाकाला उपरणं लावून ओरडायचे, "बाबाजान, तू एक दिवस स्टेअरिंगवरच जाणार."

"जाईन की अण्णा," बाबाजान टेम्पोखालून उत्तर द्यायचे, "पन जेवून जाईन."

गावात एकदा रक्ततपासणीची गाडी आली होती. ज्ञानेश्वरीनं फोनवर फोन केले, "अण्णा, एकदा करून घ्या." अण्णा गेले, रांगेत उभ्या असलेल्यांना त्यांच्या आहारावर व्याख्यान दिलं आणि बाही न सरकवता परत आले. शुद्ध रक्त तपासून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं.

तरीही हे शुद्ध रक्त आणखी शुद्ध करायची हौस त्यांना होतीच. शनिशिंगणापूरच्या रस्त्याला एका मंगल कार्यालयात रक्तशुद्धी शिबिर भरलं. शिबिर घेणारे एक आचार्य होते; पांढरा झब्बा, मऊ आवाज, आणि बाहेर उभी असलेली गाडी अशी की माझ्या दुकानातला सगळा माल विकला तरी तिची चाकं येणार नाहीत. अण्णांना सोडायला मीच गेलो. आठवडाभर तिथं अन्न नाही, फक्त रस: उसाचा, डाळिंबाचा, मोसंबीचा, वर मध. पाणी अगदी थोडं, कारण पाण्यानं म्हणे पोटातला अग्नी विझतो. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सतरंजीवर मांडी घालून प्रवचन ऐकायचं. हालचाल केली की शुद्धी बिघडते! माणसाला आजारी पाडायचं असं ठरवून कुणी बसलं असतं, तरी त्याला इतकं नीट जमलं नसतं.

आठवड्यानं आणायला गेलो तेव्हा अण्णा पायऱ्या उतरताना डावा पाय ओढत होते. पोटरी टरारलेली, कातडी चकचकीत.

"अण्णा, हे काय?"

"विष उतरतंय," ते अभिमानानं म्हणाले. "आचार्यांनी स्वतः बघितलं. अंगातलं सगळं विष खाली पायात जमा झालंय, आता ते नखांवाटे जाणार."

"नखांवाटे?"

"तुमच्या अंगात किती असंल याचा विचार करा," अण्णा म्हणाले आणि गाडीत बसले.

घरी आल्यावर विष लवकर जावं म्हणून रोज तिळाच्या तेलानं पाय चोळायचं ठरलं. खायला नको असलेलं तेल चोळायला चाललं. चोळायचं कुणी? सासूबाईंनी. साळूबाई हे त्यांचं नाव, पण अण्णांच्या तोंडून मी ते कधी ऐकलेलं नाही; ते "अगं" म्हणतात. पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अवो, ह्यो पाय लई गरम हाय. दुसऱ्यावानी न्हाई. डाक्टरला दावू."

"तुला काय कळतंय? चोळ."

त्यांनी चोळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाल्या, तेव्हाही हेच उत्तर मिळालं. ज्ञानेश्वरीला त्यांनी फोन केला, ज्ञानेश्वरीनं अण्णांना केला, अण्णांनी तिला सुनावलं की नवऱ्याचं पोट सांभाळ आणि माझ्या पायाची काळजी सोड. मी ते ऐकलं आणि मधे पडलो नाही, कारण त्यांच्याशी बोलून कुणाचंच कधी भलं झालेलं नव्हतं.

मग एका सकाळी अण्णा ओट्यावर उभे राहून बाबाजानना सांगत होते की मटणाची चरबी नसांमध्ये थिजते कशी. बाबाजान क्रेट लावता लावता हो हो करत होते. वाक्य अर्ध्यावर तुटलं म्हणून त्यांनी वर बघितलं, तर अण्णा छातीवर हात दाबून ओट्याच्या कडेला टेकलेले, तोंड उघडं, श्वास आत जाईना. कपाळावर घामाचे थेंब.

बाबाजाननी पुढचं काही विचारलं नाही. पुढच्या सीटवर अण्णांना बसवलं, सासूबाईंना शेजारी घेतलं आणि पेरूनं भरलेला टेम्पो श्रीरामपूरच्या रस्त्याला लावला. त्या अवस्थेतसुद्धा अण्णा धापा टाकत म्हणाले म्हणे, "गाडीला... मटणाचा... वास येतोय."

"पेरूचा हाय तो," बाबाजान म्हणाले. "गप बसा आता."

आम्ही दोघं राहुरीहून दवाखान्यात पोचलो तेव्हा अण्णांच्या नाकाला ऑक्सिजन लावलेला होता आणि ते नर्सला सांगत होते की दवाखान्यातला चहा फिका असतो. डॉक्टर फरीदा शेख बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी पायाची सोनोग्राफी केली होती, छातीचा स्कॅनही झाला होता. पोटरीपासून मांडीपर्यंत शिरेत रक्ताची गुठळी बसलेली, आणि तिचा एक तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकलेला. तुकडा लहान होता म्हणून अण्णा बोलत होते.

"गुठळी?" अण्णांनी मलाच विचारलं, जणू ती मी आणून ठेवली होती. "मला? मी तेल खात नाही."

डॉक्टरांनी एक काचेची नळी त्यांच्यासमोर धरली. रक्त मशीनमध्ये फिरवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी येतं. या नळीत वर पाणी नव्हतं. दूध होतं. पातळ, पांढरं, चहात घालावं असं दूध.

"हे कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"तुमचं."

"शक्यच नाही. बाटल्या बदलल्यात. हे याचं असंल." त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बाबाजानकडे बोट केलं.

"म्या कुठं रगत दिलंय अण्णा?" बाबाजान म्हणाले. "म्या पेरू घेऊन आलोय."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. नर्सला बोलावलं, अण्णांच्या देखत दुसऱ्या हातातून रक्त काढायला लावलं, नळीवर नाव त्यांनाच वाचायला लावलं. थोड्या वेळानं नळी परत आली. पुन्हा दूध. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ज्ञानेश्वरी रडायला लागली. मला, खरं सांगतो, त्या क्षणी अण्णांची दया आली नाही. इतकी वर्षं जो माणूस जगाच्या नसा तपासत हिंडला, त्याच्या स्वतःच्या नसांमधून साय वाहत होती.

"याला ट्रायग्लिसराइड म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातली चरबी. दीडशेच्या आत असावी लागते. तुमची हजाराच्या वर आहे."

"पण चरबी आली कुठून? मी तुपाचा थेंब घेत नाही!"

"तुमच्या मुलीनं सगळं सांगितलंय. तुम्ही साखर घेता. भात, साबुदाणा, मध, रस. शरीराला लागते त्याहून जास्त साखर आली की यकृत तिची चरबी करतं आणि रक्तात सोडतं. तूप बाहेरून यावंच लागतं असं नाही, घरातच तयार होतं. काहींना ते आनुवंशिक असतं, बारीक माणसांनाही असतं. तुमच्या घरात कुणी अचानक गेलं होतं का?"

"मोठं दीर," सासूबाई म्हणाल्या. "शेतात पानी धरता धरता गेलं."

"तो मटण खायचा," अण्णा भिंतीकडे बघतच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी डॉक्टरांची उलटतपासणी सुरू केली. पोटात इंजेक्शनं कसली देताय? ही गुठळी विरघळवायची आहेत का? नसतील तर विरघळवायचं औषध का देत नाही? पैसे मोजायला आम्ही तयार आहोत. पैसे मी मोजत होतो, ही गोष्ट वेगळी.

डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "हे औषध गुठळी विरघळवत नाही. ती वाढू देत नाही, एवढंच. विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. जीव अगदी टांगणीला लागला तरच ते देतात. तुमचं तेवढं नाही. गुठळी विरघळवण्याचं काम शरीर स्वतः करतं. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या रक्तात लहान लहान गुठळ्या होतच असतात, आणि त्यांना कुरतडून साफ करणारा एक पदार्थही रक्तातच असतो."

"मग करू दे की साफ!"

"तीच अडचण आहे. हा साफ करणारा पदार्थ एरवी निजलेला असतो. एक पदार्थ त्याला जागा करतो आणि दुसरा एक जागं करणाऱ्याचाच हात धरून ठेवतो. दोघांचा तोल असावा लागतो, नाहीतर माणसाचं रक्त वाहतच राहील. पण रक्तात अशी चरबी फार वाढली की हा हात धरणारा पदार्थ पुष्कळ लोकांमध्ये वाढलेला सापडतो. मग गुठळी होते तेवढ्याच सहज, आणि विरघळायला मात्र फार वेळ लावते."

अण्णांनी पायावरची चादर ओढून घेतली.

"फक्त यानंच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "आठवडाभर मांडी घालून बसलात, पाणी प्यायला नाहीत, वय आहे. शिरेतलं रक्त साचून गोठलं. पण ही गुठळी जिथं लवकर विरघळायला हवी होती, तिथं तुमच्या रक्तानं ते काम हळू केलं असणार. आणि त्या दिवसांत तुम्ही रस पीत होता."

"ते रक्तशुद्धीसाठी होतं," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे थोडा वेळ नुसतं बघितलं. मग उठून पुढच्या खाटेकडे गेल्या. एवढं जोरदार उत्तर मी आजवर कुणाला देताना बघितलेलं नाही.

अण्णा घरी आले. गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या, चरबी उतरवायच्या गोळ्या, पायात मांडीपर्यंत घट्ट मोजा. साखर बंद, मध बंद, भात मूठभर, पाय चोळणं तर अजिबात नाही. सासूबाईंनी साखरेचं पोतं त्याच दिवशी बाबाजानच्या घरी पोचवलं. त्यांच्याकडे मुलीचा साखरपुडा होता. शिबिरवाल्यांचा फोन आला, पुढच्या पायरीच्या शिबिराला येणार का म्हणून. मला वाटलं आता अण्णा त्यांची सालटी काढतील. अण्णा फोनवर अगदी नम्रपणे म्हणाले, "पाय जरा दुखतोय हो, नाहीतर आलोच असतो. आचार्यांना नमस्कार सांगा." त्या माणसाला फसवा म्हणायचं तर स्वतःला मूर्ख म्हणावं लागलं असतं, आणि तेवढं तोलायचा काटा अण्णांकडे कधीच नव्हता.

पण दोष कुणावर तरी टाकायचा होताच. तो कुणावर पडला ते मला एका रविवारी कळलं. आम्ही दोघं पुणतांब्याला गेलो होतो. कारखान्यातले त्यांचे जुने सोबती बघायला आले होते, बाबाजानही ओट्यावर बसलेले. अण्णा पाय लांब करून सांगत होते, "तसं काही झालं नव्हतं. गुठळी जागच्या जागी होती. हिनं पाय चोळला, म्हणून तुकडा सुटून वर चढला. अडाणी बाई, काय करणार?"

सासूबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. बिनसाखरेचा चहा. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"म्या म्हनलं हुतं, पाय गरम हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "दोन येळा म्हनलं. तुमी म्हनला, तुला काय कळतंय."

"अगं, लोकांसमोर..."

"लोकांसमोरच सांगते. जलमभर तुमच्यापायी बिनदाण्याची खिचडी खाल्ली, बिनफोडणीची आमटी खाल्ली. ह्या जावयाच्या पानात तूप वाढताना माझा हात कापायचा. आन् आता तुमचं रगत नासलं त्ये बी माझ्यामुळं? सांभाळा तुमचं रगत तुमीच."

त्या आत गेल्या. बाबाजाननी चहा एका घोटात संपवला आणि म्हणाले, "वहिनी खरं बोलल्या, अण्णा," आणि टेम्पो धुवायला निघून गेले.

थोड्या वेळानं सासूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. "हर्षलराव, मला वांबोरीला भावाकडं सोडा." लग्न होऊन चाळीस वर्षं झाली होती आणि त्या माहेरी दोन रात्रींपेक्षा जास्त राहिल्या नव्हत्या. ज्ञानेश्वरी पुढच्या सीटवर बसली, सासूबाई मागं. राहुरीच्या आसपास मी आरशात बघितलं तर त्या खिडकीची काच खाली करून वारा खात होत्या, पदर उडत होता, आणि त्यांना तो सावरायची घाई नव्हती.

त्या वांबोरीला महिनाभर राहिल्या. अण्णांचे सुरुवातीला फोन आले नाहीत. मग मला आले, की तिला म्हणावं, गोळ्यांचा डबा सापडत नाही. डबा त्यांच्या उशाशी असायचा. मग एकदा मी वांबोरीला माल द्यायला गेलो असताना त्यांनी सरळ सासूबाईंनाच फोन लावला. जुन्या, काट्यावरच्या आवाजात म्हणाले, "मेथी निवडली आहे. पुढं काय?"

"कढईत तेल टाका."

"तेल?"

"चमचाभर. डाक्टरनी सांगितलंय, चमचाभर चालतं. मंग लसून."

"किती?"

"तुमाला येवढं बी कळत न्हाई व्हय?" सासूबाई म्हणाल्या, आणि मी त्यांच्या तोंडावर असं समाधान कधी बघितलं नव्हतं.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. चरबी अडीचशेपर्यंत उतरली होती. डॉक्टर म्हणाल्या चांगलं आहे, पण थांबायचं नाही. फुप्फुस मोकळं झालं होतं. पायातली गुठळी मात्र सगळी गेली नव्हती. काही भाग विरघळला, काही शिरेच्या आत घट्ट दोऱ्यासारखा चिकटून बसला, आणि शिरेतलं रक्त खाली परत येऊ न देणाऱ्या झडपा निकामी झाल्या. पाय संध्याकाळी सुजणार, मोजा कायमचा.

अण्णा आता तोच मोजा घालून स्टेशनच्या रस्त्यानं फिरतात. माणसं अडवणं सुटलेलं नाही. फक्त तूप सोडून आता ते साखरेच्या मागं लागलेत. 'ट्रायग्लिसराइड' हा शब्द त्यांना नीट म्हणता येत नाही, पण ज्यांना तो माहीतच नाही त्यांच्याकडे ते दयेनं बघतात. परवा त्यांनी मला विचारलं, "तुमची केलीय का तपासणी?" मी म्हणालो, अजून नाही. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि मान हलवली. ज्ञानेश्वरीनंही माझ्याकडे बघितलं, आणि ती या वेळी हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिनं मला लॅबच्या दारात नेऊन उभं केलं.